पट्टी उतरवावी, गाणे सोडू नये

चातुर्मास लागला की सोलापुरातील देवळांतून, चाळींतून आणि कामगार वसाहतींतून भजनाचे सूर अधिक ऐकू येऊ लागतात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे टाळ, पखवाज आणि पेटी ही आपल्याकडे घरचीच मंडळी आहेत. एका गल्लीत मराठी अभंग, पुढच्या गल्लीत तेलुगू भजन आणि त्याच्या पलीकडे कन्नड वचन, असे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले आहे. याच दिवसांत दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. "डॉक्टर, आवाज पूर्वीसारखा लागत नाही. वरचा सूर चिरकतो. आता गाणे बंद केले."

या वाक्याचे दोन भाग आहेत. आवाज पूर्वीसारखा लागत नाही, ही शरीराची गोष्ट झाली आणि तिची तपासणी व्हायला हवी. "आता गाणे बंद केले" हा मात्र निर्णय आहे आणि तो बहुतेक वेळा घाईने घेतलेला असतो. गाण्याची पट्टी दोन घरे खाली आणली, तर कित्येकांना तो घ्यावाच लागणार नाही. पट्टी बदलणे हे एक शिकण्याजोगे कौशल्य आहे. ते सत्तरीतही शिकता येते आणि घरातील सून, मुलगा किंवा नातू यांनाही शिकता येते. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

आवाज का उतरतो?

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते कंप पावतात. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा आणि स्त्रीचे साधारण दोनशे वेळा थरथरतात. सूर जितका उंच, तितकी कंपने अधिक आणि तितकाच तंतूंवरचा ताण अधिक.

वय वाढते तसे या यंत्रणेत चार बदल होतात. पहिला, स्वरतंतूंमधील स्नायू हातापायांच्या स्नायूंप्रमाणेच बारीक होतात. त्यामुळे तंतू पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज पोकळ वाटतो. दुसरा, घशाला ओलावा देणाऱ्या ग्रंथींचे काम मंदावते. तिसरा, स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात आणि तंतू पूर्वीइतके ताणले जात नाहीत. चौथा बदल श्वासाचा. पस्तिशीनंतर निरोगी माणसाचीही एका सेकंदात जोराने हवा बाहेर टाकण्याची क्षमता दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटत जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ही घट याहून वेगाने होते. म्हणून पूर्वी एका दमात येणारी ओळ आता मध्येच तुटते.

स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर आवाज थोडा जाड आणि खालचा होतो. वृद्ध पुरुषांत कधी कधी उलट घडते: तंतू बारीक झाल्याने बोलण्याचा आवाज किंचित वर सरकतो, पण गाण्यातील तार सप्तकाची ताकद मात्र कमी होते. दोघांच्याही बाबतीत आवाजाचा पल्ला वरच्या आणि खालच्या टोकांनी आखडतो. मधला भाग पुष्कळदा शाबूत राहतो. गाणे त्या मधल्या भागात आणून बसवायचे, एवढाच पट्टी बदलण्याचा अर्थ आहे.

पट्टी ही कोणाची मिरासदारी नाही

पाश्चात्त्य पेटीवादनात स्वर ठरलेले असतात. आपल्या संगीतात षड्ज, म्हणजे 'सा', ठरलेला नसतो. गायकाच्या गळ्याला जो सोयीचा तो त्याचा 'सा', आणि तंबोरा त्याप्रमाणे जुळवायचा, ही आपली परंपरा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलेखनातही 'सा रे ग म' असेच लिहिलेले असते. तो 'सा' कोठे धरायचा ते गाणाऱ्याने ठरवायचे. याचा अर्थ असा की, ज्याला सरगम येते त्याला पट्टी बदलण्याची निम्मी विद्या आधीच आलेली आहे.

अडचण झाली ती पेटीमुळे. पॅरिसमधील अलेक्झांडर डेबॅं यांनी १८४० च्या दशकात घडवलेले हे वाद्य त्याच शतकात आपल्याकडे आले आणि हाताने भाता मारण्याचे आपले रूप त्याला मिळाले. त्याचे स्वर कायमचे बसवलेले, त्यामुळे मींड आणि श्रुती त्यावर येत नाहीत, हा आक्षेप पुढे इतका वाढला की १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही महाराष्ट्राने पेटी सोडली नाही. १९११ साली आलेल्या 'संगीत मानापमान'चे संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंतांनी तिला मानाचे स्थान दिले. साथीदाराचे पहिले कर्तव्य गायकाची पट्टी सांभाळणे हे होते आणि आजही तेच आहे.

आपल्या घरगुती मंडळांत मात्र हे कर्तव्य हळूहळू उलटे झाले. पेटी वाजवणाऱ्याला एकच पट्टी येते, म्हणून सगळे त्याच पट्टीत गातात. किंवा आवडत्या गायिकेचे ध्वनिमुद्रित गाणे ज्या पट्टीत आहे, त्याच पट्टीत ते म्हणण्याचा अट्टहास होतो. ती पट्टी त्या गायिकेच्या त्या वयातील गळ्यासाठी निवडलेली असते. पंच्याहत्तरीतील आपल्या गळ्याने ती का म्हणून पाळावी? 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण दुसऱ्याला चिडवायला वापरतो. पण पट्टीच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे असू शकते आणि ते सरळ करता येते.

एक उदाहरण

गिरणीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक आजोबा माझ्याकडे झोप लागत नाही आणि जेवण जात नाही म्हणून आले. रक्तदाब काबूत होता, साखर ठीक होती. बोलता बोलता कळले की, चार महिन्यांपासून त्यांनी गुरुवारच्या भजनाला जाणे सोडले आहे. मंडळ वर्षानुवर्षे काळी दोनमध्ये गाते, त्यांचा आवाज वर फाटतो आणि तरुण मंडळी एकमेकांकडे पाहतात, असे त्यांना वाटत होते. आठवड्यातील तो एक दिवस गेला आणि त्याबरोबर घराबाहेर पडण्याचे, चार माणसांत बसण्याचे कारणही गेले.

त्यांनी तरुणपणी बरीच वर्षे विडी ओढली होती. म्हणून सर्वांत आधी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. दुर्बिणीने तपासणी झाली. गाठ नव्हती, तंतू वयोमानाने बारीक झाले होते, इतकेच. मग त्यांच्या सूनबाईंना बोलावले. त्यांच्या शाळकरी वयात पेटीच्या दोन परीक्षा झाल्या होत्या, पण हात फक्त पांढरी एकमध्ये बसलेला. पुढे दिलेल्या रीतीने त्यांनी महिनाभरात काळी एकमध्ये चार अभंग बसवले.

मंडळात प्रथम कुरकुर झाली. पखवाजवाल्यांचे म्हणणे, पखवाज काळी दोनला लावलेला आहे. ते खरेच होते. पण गठ्ठे हातोडीने सैल करून आणि डाव्या तोंडाच्या कणकेचा अंदाज बदलून पखवाज दोन घरे उतरला. मग एक गोष्ट लक्षात आली. पट्टी उतरताच आणखी तिघांचा आवाज मोकळा झाला. तेही इतके दिवस ओढूनताणून गात होते, पण बोलले नव्हते. आजोबांची रक्तदाबाची गोळी चालूच आहे आणि झोपही दररोज सारखी लागते असे नाही. पण गुरुवार परत आला आहे. त्यांच्या जेवणाची तक्रार त्यानंतर माझ्या कानावर आलेली नाही.

पट्टी कशी बदलावी?

आता प्रत्यक्ष रीत पाहू. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्या असतात. पांढऱ्यांना एक ते सात आणि काळ्यांना एक ते पाच असे क्रमांक. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मिळून क्रमाने अशा येतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, पांढरी चार, काळी तीन, पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा वरची पांढरी एक. लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराला आपण येथे 'एक घर' म्हणू. एक घर वर गेले की कंपने साधारण सहा टक्क्यांनी वाढतात आणि बारा घरे वर गेले की बरोबर दुप्पट होतात.

प्रत्येक स्वर 'सा'पासून किती घरांवर आहे, हे एकदा पाठ करावे. सा शून्यावर, शुद्ध रे दोनवर, शुद्ध ग चारवर, शुद्ध म पाचवर, प सातवर, शुद्ध ध नऊवर, शुद्ध नी अकरावर आणि तार सा बारावर. कोमल स्वर आपल्या शुद्ध स्वराच्या एक घर खाली आणि तीव्र म शुद्ध म च्या एक घर वर. पाढ्याप्रमाणे हे म्हटले तर दोन दिवसांत तोंडी बसते. यानंतर 'सा' कोणत्याही पट्टीवर धरा आणि घरे मोजा. स्वर आपोआप सापडतील.

सोयीसाठी शुद्ध स्वरांच्या चार पट्ट्या देत आहे. हा भाग कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवता येईल.

काळी दोन: सा काळी दोन, रे पांढरी चार, ग पांढरी पाच, म काळी चार, प काळी पाच, ध पांढरी एक, नी पांढरी दोन.

काळी एक: सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन, प काळी चार, ध काळी पाच, नी पांढरी एक.

पांढरी सात: सा पांढरी सात, रे काळी एक, ग काळी दोन, म पांढरी तीन, प काळी तीन, ध काळी चार, नी काळी पाच.

काळी पाच: सा काळी पाच, रे पांढरी एक, ग पांढरी दोन, म काळी दोन, प पांढरी चार, ध पांढरी पाच, नी पांढरी सहा.

पहिल्या दोन पट्ट्यांची तुलना करून पाहा. काळी दोनवरून काळी एकवर येताना प्रत्येक स्वर बरोबर दोन घरे खाली आला आहे. कोणताही एक स्वर अधिक किंवा उणा सरकलेला नाही. म्हणूनच चाल तीच राहते. आपण गाणे ओळखतो ते स्वरांच्या उंचीवरून नव्हे, तर स्वरांमधील अंतरांवरून. या दोन घरांनी गळ्याला मिळणारा दिलासा मोठा आहे. आजच्या प्रमाणित जुळणीनुसार पुरुषाने काळी दोनमध्ये तार षड्ज लावला, तर स्वरतंतूंना सेकंदाला सुमारे ३११ कंपने करावी लागतात. काळी एकमध्ये सुमारे २७७. सेकंदाला चौतीस कंपनांचा भार उतरतो.

आपली पट्टी शोधण्याची रीत अशी. सकाळी उठल्याबरोबर नव्हे, तर तासाभराने, घोटभर कोमट पाणी पिऊन बसावे. सहज आवाजात 'हं' म्हणावे आणि तो स्वर पेटीवर शोधावा. तेथून एकेक घर खाली जात, आवाज घोगरा होऊ लागेल तेथे थांबावे आणि एक घर वर यावे. हे आपले खालचे टोक. तसेच वर जात, मान ताणावी लागली किंवा भुवया चढल्या की थांबावे आणि दोन घरे खाली यावे. हे वरचे टोक. आता गाण्यातील सर्वांत वरचा स्वर कोणता ते पाहावे. तो या वरच्या टोकावर बसेल अशी 'सा'ची जागा मोजून घ्यावी आणि सर्वांत खालचा स्वर खालच्या टोकाच्या आत राहतो ना, एवढे तपासावे. सगळ्या गाण्यांना एकच पट्टी हवी असा नियम नाही. अभंग एका पट्टीत आणि नाट्यपद दुसऱ्या पट्टीत चालेल.

शिकताना घाई करू नये. एका वेळी एकच नवी पट्टी घ्यावी. प्रथम आरोह-अवरोह, मग 'सारेग, रेगम' असे साधे अलंकार आणि त्यानंतर पाठ असलेले एकच गाणे. रोज वीस मिनिटे पुरेत. पंधरा दिवसांत बोटे नव्या वाटेला रुळू लागतात. काळ्या पट्ट्या अरुंद आणि उंच असल्याने संधिवाताच्या बोटांना सुरुवातीला जड जातात. अशांनी पांढरी सातऐवजी काळी पाच निवडावी, तेथे शुद्ध स्वरांत दोनच काळ्या पट्ट्या लागतात.

कॉर्ड आणि नातवंडांची गिटार

हल्ली घरोघरी नातवंडांकडे की-बोर्ड किंवा गिटार असते. त्यांची भाषा कॉर्डची असते आणि आजी-आजोबांना ती परकी वाटते. ती तितकी परकी नाही. एकाच वेळी वाजवलेले सा-ग-प म्हणजे एक कॉर्ड; 'सा'पासून शून्य, चार आणि सात घरे. म-ध-सा ही दुसरी आणि प-नी-रे ही तिसरी. त्यांतही पहिल्या स्वरापासून तीच चार आणि सात घरे. पुष्कळशी सोपी भजने आणि भावगीते या तीन कॉर्डवर निभतात. ध-सा-ग ही थोडी उदास वाटणारी कॉर्ड. तिच्यात घरे शून्य, तीन आणि सात. पट्टी बदलली तरी हे आकडे बदलत नाहीत. नातू ज्यांना सी, एफ, जी म्हणतो, त्या पांढरी एकच्या पट्टीतील सा, म आणि प वरच्या कॉर्ड होत. काळी एकला गायचे असेल, तर त्याने गिटारच्या पहिल्या घरात कॅपो लावून हाताची ठेवण तीच ठेवावी. काळी पाचला उतरायचे असेल, तर कॅपो तिसऱ्या घरात लावून जी, सी, डी वाजवाव्यात. की-बोर्डवर तर 'ट्रान्सपोज' नावाचे बटणच असते. पेट्यांतही सरकत्या पट्ट्यांची 'स्केल चेंजर' पेटी मिळते. ती महाग आणि जड असते, हे लक्षात घ्यावे.

यंत्राने काम होत असताना स्वतः का शिकावे, असा प्रश्न येईल. नुसते गाणे एवढाच हेतू असेल, तर बटण दाबायला हरकत नाही. शिकण्याचा लाभ वेगळा आहे.

मेंदूला काय मिळते?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण वैद्यकाला मान्य नाही. म्हातारपणी शिकण्याचा वेग कमी होतो, क्षमता संपत नाही. पट्टी बदलताना स्वर मनात धरणे, घरे मोजणे, बोटे हलवणे, भाता सांभाळणे आणि कानाने पडताळा घेणे, ही पाच कामे एकाच वेळी होतात. इतका भरगच्च व्यायाम शब्दकोड्यातही होत नाही.

तरीही अतिरंजित आश्वासन देणे योग्य नव्हे. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण याचा अर्थ पेटी वाजवल्याने स्मृतिभ्रंश टळतो असा होत नाही. ज्यांचा मेंदू निरोगी आहे तेच अधिक वाजवत असतील, अशीही शक्यता उरते. म्हणून पेटीला औषध मानू नये आणि चालू औषध तर मुळीच सोडू नये. आनंद मिळतो, माणसे जोडली जातात आणि मेंदू कामाला लागतो, ही कारणे पुरेशी आहेत.

पक्षाघातानंतर वाचा गेलेला रुग्ण कधी कधी बोलू शकत नाही, पण ओळखीच्या गाण्याचे शब्द म्हणू शकतो. या निरीक्षणावर आधारलेली, सुरांच्या साह्याने शब्द परत आणण्याची उपचारपद्धती १९७३ मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी मांडली. घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्याबरोबर त्याच्या पाठातील अभंग जरूर म्हणा. मात्र पट्टी त्याच्या आजच्या आवाजाची ठेवा आणि वाचोपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्या.

घरच्यांसाठी काही सूचना

आपल्या घरी आई-वडील किंवा सासू-सासरे गाणारे असतील, तर "आता पुरे, तुम्हाला जमत नाही" हे वाक्य टाळावे. "आज एक पट्टी खाली घेऊ या का?" असे विचारावे. चारचौघांत विचारू नये, आधी घरी प्रयोग करावा. पट्टी एकदम चार घरे उतरवू नये. एकेक घर उतरवत, त्यांना कोठे मोकळे वाटते ते पाहावे.

वयाबरोबर ऐकणेही कमी होते आणि उंच सूर आधी पुसट होतात. पेटी जवळ आणि समोर ठेवावी. श्रवणयंत्र असेल तर ते लावूनच गावे. सुरुवातीला स्वतःचा आवाज वेगळा वाटतो, तो काही दिवसांत सवयीचा होतो.

मांडी घालून बसवत नसेल तर पेटी टेबलावर आणि आपण पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर, अशी व्यवस्था करावी. त्यात कसलाही कमीपणा नाही. डावा हात अधू असेल तर भाता दुसऱ्याने मारावा. नातवंडांना ते काम आवडते.

आपल्याकडची हवा कोरडी आणि उन्हाळा कडक. गाण्याआधी आणि मध्ये थोडे थोडे पाणी प्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितलेले असेल, तर ती मर्यादा पाळावी. जेवणानंतर लगेच गाऊ नये. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरावी, अन्यथा घसा बसतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी घसा कोरडा पडतो, तर रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी खोकला येतो. असे वाटल्यास गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. काचबिंदू, हर्निया किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर श्वास कोंडून उंच सूर लावणे टाळावे.

ही लक्षणे वयाच्या खात्यावर टाकू नका

या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच. आवाज बसून तीन आठवडे झाले आणि तो सुटला नाही, तर पट्टी उतरवण्याआधी घशाची तपासणी करून घ्यावी. विडी, सिगारेट, मावा किंवा मिश्री यांची सवय आहे अथवा होती, त्यांनी तर एक दिवसही लांबवू नये. गिळताना त्रास, थुंकीतून रक्त, मानेत गाठ, एका बाजूच्या कानात सतत दुखणे किंवा श्वास घेताना आवाज येणे, यांपैकी काहीही असेल तरी तसेच. स्वरयंत्राचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते, आणि आवाजातील बदल हे त्याचे पुष्कळदा पहिले लक्षण असते.

आवाज जाड होणे, वजन वाढणे, थंडी अधिक वाजणे आणि बद्धकोष्ठता हे एकत्र आले, तर थायरॉइडची तपासणी करावी. भजनात सूर जाड लागतो म्हणून आलेल्या एका आजींचा आजार हाच निघाला आणि गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत आवाज बराच सुधारला. आवाज हळूहळू बारीक, एकसुरी होत जाणे आणि त्याबरोबर हालचाली मंदावणे हे कंपवाताचे लक्षण असू शकते. आणि बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात गळाला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

तपासणी झाली, काही गंभीर नाही असे कळले, तर मग पेटी बाहेर काढावी. येत्या आठवड्यात एवढे करून पाहा: एक आवडते गाणे निवडा, त्याची सरगम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि नेहमीच्या पट्टीपेक्षा एक घर खाली गाऊन पाहा. पुढच्या आठवड्यात आणखी एक घर. गळ्याला कोठे आराम वाटतो ते गळाच सांगेल. पट्टी उतरली म्हणून गाणे लहान होत नाही. तंबोरा गायकासाठी जुळवायचा असतो, हे आपल्या संगीताने पूर्वीच ठरवून ठेवले आहे.